नापीक वाटेवरची बोट

ग्रीस देशाची बेटं किती, असं कुणी विचारलं तर साधारण सहा हजार असं उत्तर मिळतं. त्यात लाटेच्या वर डोकं काढणारा प्रत्येक खडक धरलेला असतो. माणसांची वस्ती असलेली बेटं म्हणाल, तर ती सव्वादोनशेच्या आसपास. त्यांतल्या मोजक्याच बेटांवर विमान उतरतं. बाकीच्यांना जगाशी जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे बोट. शाळेच्या नकाशात समुद्रावर तुटक रेषा असायच्या आणि आपण त्यांच्याकडे कधी लक्ष दिलं नाही. एजियन समुद्रात त्या तुटक रेषा म्हणजेच रस्ते आहेत. तिथले लोक बोटीविषयी आपण एस.टी.विषयी बोलतो तसं बोलतात. म्हणजे वेळेवर आली तर कौतुक नाही, उशीर झाला तर सात पिढ्यांचा उद्धार आणि ती बंद पडेल अशी नुसती कुणकुण लागली तरी गावसभा.

आम्ही उभयता सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिरेअसला पोहोचलो. पिरेअस हे अथेन्सचं बंदर. अथेन्समधून तिथे जायला मेट्रो आहे आणि तिच्या या मार्गाची सुरुवात १८६९ साली वाफेच्या गाडीने झाली होती. स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर चार-पाच मजली इमारती उभ्या दिसतात. त्या इमारती म्हणजे बोटी आहेत हे कळायला क्षणभर लागतो. बंदर इतकं अवाढव्य, की धक्क्यांना क्रमांक दिले आहेत आणि एका टोकाच्या क्रमांकावरून दुसऱ्या टोकाला चालत जायचं म्हटलं तर घामाघूम व्हायला होतं. क्रीटची बोट एकीकडून, सायक्लडीझ बेटांची दुसरीकडून. तेव्हा तिकिटावरचा धक्का नीट वाचून घ्यावा, हा माझा पहिला आणि सर्वांत उपयोगी सल्ला.

या बोटी धक्क्याला पाठ लावून उभ्या राहतात. मागची लोखंडी उतारपट्टी, ज्याला सगळे रॅम्पच म्हणतात, ती धक्क्यावर टेकते आणि माणसं, मोटारी, भाजीचे टेम्पो, स्कूटर, कुत्री असा सगळा लवाजमा त्याच तोंडातून आत शिरतो. आत डिझेलचा वास, साखळ्यांचा खणखणाट आणि खलाशांच्या शिट्या. भिंतीलगत सामानाच्या मांडण्या आणि त्यांवर बेटांची नावं. पारोसची बॅग पारोसच्या फळीवर, नॅक्सोसची नॅक्सोसच्या. पावती नाही, बिल्ला नाही. माझ्यातल्या जुन्या बँक अधिकाऱ्याला ही व्यवस्था मुळीच पसंत पडली नाही. मी दोनदा खाली जाऊन बॅगा पाहून आलो. तिसऱ्यांदा निघालो, तेव्हा सौ.ने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मधल्या बेटांवर बोट थांबते ती जेमतेम पाच-दहा मिनिटं. उतरणाऱ्यांना आधीच खाली गॅरेजात उभं करतात. बोट वळत असतानाच रॅम्प खाली येऊ लागतो, उतरणाऱ्यांचा लोंढा बाहेर पडतो न पडतो तोच चढणाऱ्यांचा आत शिरतो आणि रॅम्प वर उचलला जात असतानाच बोट पुढे सरकलेली असते. आपल्या लोकलला सरावलेल्या माणसाला यात गंमत वाटते. पण ही घाई नेहमीच गमतीची नसते. ५ सप्टेंबर २०२३ रोजी याच पिरेअसच्या धक्क्यावर क्रीटला जाणाऱ्या बोटीत चढू पाहणाऱ्या एका छत्तीस वर्षांच्या प्रवाशाला खलाशांनी रॅम्पवरून ढकललं आणि तो पाण्यात पडून गेला. ते चित्रण साऱ्या देशाने पाहिलं. लोक मेणबत्त्या घेऊन धक्क्यावर आले. रॅम्प ओलांडताना ही गोष्ट मनातून जात नाही.

प्रवासाला बोटी दोन प्रकारच्या. एक वेगवान कॅटमरान, दुसरी जुन्या धाटणीची मोठी बोट. कॅटमरानचं तिकीट बरंच महाग, वेळ कमी. पण विमानासारखं आत डांबून ठेवतात आणि वारा वाढला की आधी तीच रद्द होते. सँटोरिनीला मोठी बोट आठेक तास घेते. कॅटमरान पाच तासांत पोहोचवते. ज्यांना पोहोचायचं आहे त्यांनी कॅटमरानने जावं. ज्यांना जायचं आहे त्यांनी मोठ्या बोटीचं साधं तिकीट काढून वरच्या डेकवर, वाऱ्याच्या आडोशाला, एक बाक पकडावा. बरोबर चीज भरलेली तिरोपिता घ्यावी. ती आपल्या पॅटिसची सुखवस्तू मावशी शोभेल. थंड कॉफी घ्यावी आणि पाय पसरावेत. शेजारचं ग्रीक कुटुंब त्याच्या डब्यातलं काहीतरी पुढे करतंच. आम्ही त्यांना बाकरवडी दिली. आजोबांनी ती दोन बोटांत धरून बराच वेळ निरखली, मग खाल्ली, मग न विचारता आणखी दोन घेतल्या.

दोनेक तासांनी डाव्या हाताला सूनियोचं भूशिर आणि त्यावर पोसायडनच्या देवळाचे पांढरे खांब दिसतात. अथेन्सचा राजा एजियस इथे मुलाची वाट पाहत उभा होता, अशी कथा आहे. मुलगा थीसियस क्रीटच्या राक्षसाला मारायला गेलेला. जिवंत परतलो तर शिडं पांढरी लावीन, असं त्याने सांगितलं होतं. तो जिवंत परतला, पण शिडं बदलायला विसरला. काळी शिडं पाहून बापाने समुद्रात उडी घेतली आणि समुद्राला त्याचं नाव मिळालं. हाच थीसियस येताना आरिआड्नीला नॅक्सोस बेटावर झोपलेली सोडून आला होता. प्रवासी मागे टाकून बोट निघून गेल्याची ही बहुधा सर्वांत जुनी तक्रार असावी.

पुढे सीरोस. या बेटाची राजधानी एर्मूपोली म्हणजे हर्मिसची, व्यापाराच्या देवाची नगरी. १८२०च्या दशकात स्वातंत्र्ययुद्धातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांनी ती वसवली. एकोणिसाव्या शतकात ते देशातलं अग्रगण्य बंदर होतं आणि १८६१ साली सुरू झालेली गोदी आजही चालू आहे. इथे उतरणारा प्रत्येक जण लुकुमीचे डबे घेऊन परततो. लुकुमी म्हणजे पिठीसाखरेत घोळवलेली मऊ वडी. पूर्वी फेरीवाले ती टोपल्यांतून थेट बोटीवर आणून विकत. लोणावळ्याच्या चिक्कीचं हे सागरी भावंड. सीरोसच्या वायव्येला यारोस नावाचा उजाड खडक आहे. तिथेही एके काळी माणसं बोटीनेच नेली जात. पण परतीचं तिकीट नसे. यादवी युद्धाच्या काळात आणि पुन्हा १९६७ नंतर लष्करी राजवटीत राजकीय कैद्यांना तिथे ठेवत. यान्निस रित्सोससारखा कवीही त्यातून सुटला नाही. निळ्या-पांढऱ्या रंगाच्या जाहिरातींत हे बेट नसतं.

पारोस जवळ येतं तसे जाणते प्रवासी उठून कठड्याशी येतात. बंदराच्या वाटेवर दोन खडक आहेत, त्यांना पोर्तेस म्हणजे दरवाजे म्हणतात. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री 'एक्स्प्रेस सामिना' ही चौतीस वर्षांची जुनी बोट पाचशेहून अधिक माणसं घेऊन या खडकांवर आदळली. खडकांवर दिवा होता. तो दुरून दिसत होता. बोटीचे पाणी अडवणारे आतले दरवाजे बंद असायला हवे होते, ते बहुतेक उघडेच होते. पाऊण-एक तासात बोट बुडाली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. जी वाचली त्यांतल्या बऱ्याच जणांना पारोसच्या मच्छिमारांनी वादळी अंधारात आपल्या होड्या घालून बाहेर काढलं. बचावाचं काम चालू असतानाच पारोसचा बंदर अधिकारी हृदयविकाराने गेला. आमच्या शेजारच्या आजोबांनी त्या खडकांकडे पाहून छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग काहीच न बोलता नातवाचं बोट धरलं.

आम्हाला नॅक्सोसला बोट बदलून पुढच्या छोट्या बेटांना जायचं होतं. नॅक्सोसच्या बंदराशी संगमरवराची एक प्रचंड चौकट उभी आहे. अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं आणि पुरं झालंच नाही. अडीच हजार वर्षं नुसतं दार उभं आहे, त्याला ना भिंत ना छप्पर. ते दार आम्ही सावकाश पाहिलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहिलं. कारण दोन दिवस बोटच सुटली नाही.

उत्तरेकडून वारा सुटला होता. आकाश निळंशार, ढगाचं नाव नाही, ऊन लख्ख आणि वारा मात्र खुर्च्या उलथवणारा. हा मेलतेमी. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने तो अधूनमधून येतो आणि चार-चार दिवस मुक्काम ठोकतो. प्राचीन ग्रीक त्याला 'दर वर्षी येणारे वारे' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. आपला मान्सून हा शब्दही ऋतूवाचक अरबी शब्दावरूनच आलेला. आणि नात्याचा धागा नुसता शब्दांपुरता नाही. उन्हाळ्यात आपल्या वायव्येला जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, ज्याच्या ओढीने आपल्याकडे पाऊस येतो, त्याचं एक टोक इराणवरून पार तुर्कस्तानापर्यंत पोहोचतं. बाल्कन देशांवर असतो जास्त दाब. या दोहोंच्या मधून एजियन समुद्रावर जो वारा वाहतो तो मेलतेमी. इतकंच नाही, तर आपल्याकडे पावसाने वर गेलेली हवा पूर्व भूमध्य समुद्रावर खाली उतरते आणि तिथलं आकाश कोरडं ठेवते, असं १९९०च्या दशकात हवामानशास्त्रज्ञांनी मांडलं. म्हणजे कोकणात घाट धुऊन निघतो तेव्हा त्याच कारभाराच्या दुसऱ्या टोकाला ही बेटं वाळत पडलेली असतात. खानावळीच्या मालकाला हे सांगितलं तेव्हा त्याने, मग तुमच्या देशाला सांगून हा वारा जरा कमी करा, असा निरोप दिला.

वाऱ्याने बोट अडणं इथे नवं नाही. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विषाचा प्याला देण्याची शिक्षा झाली, पण ती लगेच अमलात आली नाही. अपोलोच्या डेलोस बेटाला अथेन्सची पवित्र बोट गेली होती. ती परत येईपर्यंत शहरात कुणालाही मृत्युदंड देत नसत. उलटा वारा असला की ती बोट रखडत असे. त्या वर्षी ती यायला वेळ लागला आणि सॉक्रेटिसला महिनाभराचं आयुष्य जास्त मिळालं. तुरुंगातल्या त्या प्रसिद्ध गप्पा त्याच काळातल्या. बोटीच्या उशिराला तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एवढं मानाचं पान दुसरीकडे नसेल.

बोट सोडायची की नाही हे आता कप्तान ठरवत नाही, बंदर खातं ठरवतं. वारा बोफर्टच्या मापाने मोजायचा. लहान आणि वेगवान बोटी आधी अडवतात, मोठ्यांना आठ-नऊच्या आसपास थांबवतात. आठ म्हणजे ताशी बासष्ट किलोमीटरच्या वर. या नियमामागे मोठी किंमत मोजलेली आहे. ८ डिसेंबर १९६६ च्या पहाटे क्रीटहून पिरेअसला येणारी 'इराक्लिओन' ही बोट वादळात बुडाली. गॅरेजातला एक अवजड ट्रक सुटला, बोटीच्या दारावर धडका देत राहिला, दार तुटलं आणि पाणी आत घुसलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. वादळात बोट सोडायला बंदी करण्याचा नियम त्यानंतरचा. क्रीटच्या लोकांनी मात्र नियमावर समाधान मानलं नाही. किसामोसचे बिशप इरिनेओस यांच्या पुढाकाराने शेतकरी, दुकानदार, सामान्य माणसं एकत्र आली, आपापल्या ऐपतीप्रमाणे भाग घेतले आणि १९६७ साली त्यांनी स्वतःची जहाज कंपनी काढली. ती 'आनेक'. आपल्या सहकारी कारखान्यांच्या सुरुवातीच्या दिवसांची आठवण यावी अशी ही हकिकत. ती कंपनी पुढे कर्जात रुतली आणि २०२३ च्या अखेरीस एका मोठ्या समूहात विलीन झाली, हेही सांगायला हवं.

हे ऐकताना मला 'रामदास' आठवली. १७ जुलै १९४७ ला, ऐन पावसाळ्यात, गटारी अमावास्येच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. सहाशेहून अधिक माणसं घेऊन ती गेली. माझा जन्म त्यानंतरचा, पण घरातल्या बायका बोटीत पाय ठेवताना हात जोडत ते त्या आठवणीनेच. लहानपणी आम्ही मुंबईहून विजयदुर्गाला बोटीने जायचो. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला आणायचे. आजीला बोट लागायची. आल्याचा तुकडा गालात धरून ती डोळे मिटून पडायची आणि पडाव दिसला की टक्क उठून बसायची. पुढे रस्ते झाले, एस.टी. गावोगाव गेली, बंदरांत गाळ साचला, एकेक बंदर गळालं आणि बोट बंद झाली. परवडत नव्हती, असं कारण तेव्हा ऐकलं. बँकेत पस्तीस वर्षं काढल्यावर 'परवडत नाही' हा शेरा मी स्वतः कितीतरी कागदांवर मारला आहे. तो शेरा सहसा खरा असतो, पण कुणाला परवडत नाही तो रकाना कागदावर नसतो. (२०२० च्या मार्चमध्ये मुंबई ते मांडवा अशी मोटारी नेणारी बोट सुरू झाली, ती ग्रीसमध्येच बांधलेली आहे. नॅक्सोसच्या धक्क्यावर तिची भावंडं पाहून मला उगाचच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.)

ग्रीकांनी या रकान्याला एक नाव दिलं आहे. ज्या बेटांवर जाणं कुठल्याही कंपनीला परवडत नाही, त्या मार्गाला ते 'आगोनी ग्रामी' म्हणतात. म्हणजे नापीक मार्ग, वांझच म्हणा ना. उन्हाळ्यात सँटोरिनीला बोटींची रीघ लागते. जानेवारीत दीडशे वस्तीच्या बेटावर कोण जाणार? मग सरकार निविदा काढतं, आठवड्यात इतक्या फेऱ्या झाल्याच पाहिजेत अशी अट घालतं आणि तूट भरून देतं. २०१८ पासून आणखी एक पाऊल टाकलं. बेटावर राहणाऱ्याला बोटीच्या भाड्याची आणि तेवढ्याच अंतराच्या बसभाड्याची तुलना करून वरचा फरक परत मिळतो. समुद्र मध्ये आला हा काही त्या माणसाचा गुन्हा नव्हे, असं त्यामागचं साधं तत्त्व. निविदा रखडतात, बोटी जुन्या असतात, हिवाळ्यात एखादं बेट दिवसेंदिवस तुटून राहतं, अशा तक्रारी बेटांवर ऐकू येतात आणि त्या रास्तही असतील. पण मला विचाराल तर खर्चाच्या बाजूला लिहिलेली ही रक्कम योग्य जागी लिहिलेली आहे. दीडशे माणसं बेट सोडून अथेन्सला आली, तर त्यांच्या घरांचा, कामाचा, म्हाताऱ्यांच्या एकटेपणाचा खर्च कुठल्या तरी वहीत चढणारच आहे.

तिसऱ्या दिवशी वारा पाचावर आला आणि 'स्कोपेलिटिस' सुटली. नॅक्सोस आणि अमोर्गोस यांच्यामधल्या इराक्लिआ, स्खिनूसा, कूफोनिसी, दोनूसा या बेटांची ही बोट. मोठ्या बोटींच्या शेजारी ती पोराएवढी दिसते. दोन दिवसांचा तुंबलेला प्रवासी आणि माल तिच्यावर लोटला होता. टोमॅटोचे क्रेट, सिमेंटच्या गोणी, गॅसचे सिलिंडर, कपडे धुण्याचं एक यंत्र आणि औषधांची खोकी. प्रत्येक पिशवीवर नाव लिहिलेलं. समुद्र अजून निवला नव्हता. बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होत होती आणि परदेशी पाहुणे एकामागून एक पिवळे पडत होते. सौ.ने आजीचा आल्याचा उपाय काढला. शेजारच्या चार बाकांवर आलं वाटण्यात आलं.

समोर एक तरुण मुलगी बसली होती. बरोबर दोन बॅगा, पुस्तकांचं खोकं आणि टेबलफॅन. ती उत्तर ग्रीसमधली, शिक्षिका. सप्टेंबरच्या मध्याला शाळा सुरू होतात आणि त्याआधी असे हंगामी शिक्षक देशभरातून बेटांवर नेमले जातात. तिची नेमणूक दोनूसाला झाली होती. तिने ते नाव नकाशावर शोधून काढलं होतं. मैत्रिणीची नेमणूक सँटोरिनीला झाली, तर तिला राहायला खोली मिळेना, सगळ्या खोल्या पर्यटकांना दिलेल्या. दोनूसाला निदान खोली मिळाली, असं ती म्हणाली. मुलं किती आहेत, असं सौ.ने विचारलं. तिने दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि त्यांतली काही मिटली. हिवाळ्यात बोट आली नाही तर काय करणार, असं मी विचारणार होतो, पण सौ.ने पुन्हा माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तिच्या पलीकडे काळ्या वस्त्रातली एक आजी होती. अथेन्सला डोळ्याची शस्त्रक्रिया करून परत निघालेली, दोन दिवस नॅक्सोसला भाचीकडे अडकलेली. बोट इतकी हलत असताना ती निवांत लोकर विणत होती. आल्याचा तुकडा तिने नाकारला आणि आम्हा सगळ्यांकडे बऱ्याच दयेने पाहिलं.

इराक्लिआला थांबलो चार मिनिटं. धक्क्यावर अख्खा गाव. सिलिंडर हातोहात उतरले, खलाशाने नावं पुकारत औषधं दिली, एकाला चष्मा आला होता, तो त्याने तिथेच घालून पाहिला. स्खिनूसाला धुण्याचं यंत्र उतरलं आणि त्याबरोबर सहा माणसं सहा तऱ्हेच्या सूचना देत निघाली. कूफोनिसीला आमचे पिवळे पाहुणे उतरले आणि जमीन लागताच फोटो काढू लागले.

दोनूसाला पोहोचलो तेव्हा सूर्य मावळायच्या बेतात होता. बंदराशी निळ्या घुमटाचं चर्च, पाच-पन्नास पांढरी घरं आणि मागे उघडा डोंगर. रॅम्प खाली येऊ लागला. आजीने लोकर पिशवीत टाकली, खलाशाने तिचा दंड धरला. धक्क्यावर काही मुलं ओळीने उभी होती, अंघोळ घालून, भांग पाडून आणल्यासारखी. शिक्षिकेने एका हातात पंखा घेतला, दुसऱ्या हातात बॅग. पुस्तकांचं खोकं जड होतं, ते दुसऱ्या खलाशाने खांद्यावर घेतलं. तिने रॅम्पवर पाऊल ठेवलं तशी सर्वांत लहान मुलगी मोठीच्या मागे लपली आणि मोठा मुलगा पुढे येऊन काही न बोलता तिच्या हातातला पंखा घेऊन चालायला लागला.

रॅम्प वर आला. अमोर्गोस अजून दोन तासांवर होतं.